दहा ग्रॅम

काचेच्या पेटीतलं बाळ एकदाचं दोन किलोचं झालं आणि घरी जायला मोकळं झालं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

कारण दोन किलोच्या आत कुणाला सोडायचं नाही हा डॉक्टरांचा नियम, आणि आकडा दोनवर थांबतोय तोच बाळाने काट्यावरच शू केली. सिस्टरने कापूस उचलला. बापाने हात आडवा धरला. काचेपलीकडे बायको दुपटं उलगडून उभी होती.

"सिस्टर, पुसू नका ना. तेही त्याचंच आहे."

"मग तेही बाटलीत भरून घरी नेताय का?"

पुसलं. एक किलो नऊशे नव्वद.

बापाने उभ्याउभ्याच अर्ज लिहिला:


"फक्त आजच्या दिवसापुरता एक किलो हा नऊशे पंच्याण्णव ग्रॅमचा धरण्यात यावा, ही नम्र विनंती."