शेऱ्याचा रकाना

"चित्र," संगणक म्हणाला. भीमराजने बाणाचं बटण दाबलं. "चित्र." पुन्हा दाबलं. "चित्र."

ग्रंथपाल रुपाली मॅडम ओशाळल्या. वाचनालयाची जुनी मागणीवही त्यांनी महिनाभर खपून स्कॅन केली होती. अंधांना वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मोठ्या हौसेने बसवलं होतं. पण हाताने लिहिलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसता फोटो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी वाचून दाखवते ना, भाऊ."

"नाई मॅडम. जलमभर दुसऱ्याच्या डोयानं वाचलं. हे मले सोता वाचाचं हाय."

भीमराज खुर्च्या विणायचा. पन्नाशीचा गडी, जन्मापासून आंधळा. लहानपणी दर रविवारी त्याचा बाप रामधन त्याला वाचनालयाच्या पायरीवर बसवायचा आणि आत जाऊन मागणीवहीत काहीतरी लिहून यायचा.

"काय लिवलं, बा?"

"पुस्तक मागवलं."

"कोन्तं?"

"आलं म्हंजे सांगतो."

पुस्तक काही आलं नाही. बाप मात्र गेला, आणि ते कोणतं पुस्तक, हा प्रश्न भीमराजच्या जिवाला लागून राहिला.

मॅडमनी सगळी वही टाइप करायला घेतली. भीमराजने बजावलं, "टाइप करा, पन मले सांगू नोका." त्या तीन आठवड्यांत तो रोज येऊन कीबोर्डवर हात बसवत राहिला. शेजारी बसलेल्या मॅडम मधूनच नाक ओढायच्या आणि सर्दीवर ढकलायच्या.

आज वही पुरी झाली. भीमराजने बापाचं नाव टाइप करून बटण दाबलं आणि संगणक घडाघडा बोलू लागला.

"रविवार. रामधन. मागणी: माझ्या आंधळ्या मुलास एकट्याने वाचता येईल असे बोलणारे पुस्तक. शेरा: असे पुस्तक मिळत नाही."

भीमराजने पुन्हा बटण दाबलं.

"रविवार. रामधन. मागणी: वरीलप्रमाणे. शेरा: मिळत नाही."

पुढचा रविवार, वरीलप्रमाणे. त्याच्या पुढचाही. शेवटी तेव्हाचे ग्रंथपाल वैतागले असावेत. "शेरा: रामधनभाऊ, कृपया दुसरे पुस्तक मागावे."

"रविवार. रामधन. मागणी: वरीलप्रमाणे."

भीमराज खदखदून हसला. गालांवरून पाणी वाहत होतं, तरी हसतच राहिला. "लय हट्टी होता बुढा," तो म्हणाला.

शेवटची नोंद आली. "रामधन. मागणी: वरीलप्रमाणे. शेरा: रिकामा."

"मॅडम, या शेऱ्यात लिवता येते काय?"

"येतं की, भाऊ."

भीमराजने एकेक अक्षर चाचपत टाइप केलं. मग नीट बसलं की नाही ते पाहायला बटण दाबलं, आणि संगणकाने खणखणीत आवाजात वाचून दाखवलं:

"शेरा: आलं, बा."