सत्तावीस खुणा

फळ्यावर आजही तेच होतं. एक नंबरची गाडी, धाकट्या बाई, सात मिनिटं. दोन नंबरची गाडी, थोरल्या बाई, तेवीस.

थोरलीने आकडे वाचले. फळा रोज सकाळी कुणीतरी पुसायचं आणि रोज तेच लिहायचं. तेवीसचे कधी एकवीस व्हायचे, कधी पंचवीस. सात मात्र सातच.

नगरपालिकेने रुग्णवाहिकांना नवे निकष लावले होते. रुग्ण दवाखान्यात सोपवला की वीस मिनिटांत गाडी पुन्हा सज्ज हवी. सज्ज म्हणजे यादीतल्या सत्तावीस वस्तू तपासून सत्तावीस खुणा, खाली गाडीवरच्या परिचारिकेची सही. ज्या परिचारिकेची वेळ चांगली, ती पथकप्रमुख. निर्णय उद्या होता.

दोघी एकाच घरातल्या जावा. थोरलीची नोकरी पंधरा वर्षांची, धाकटीची सहा. शीर कशी शोधायची, घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं, सगळं धाकटीला थोरलीनेच शिकवलेलं. आता तीच शिष्या फळ्यावरून रोज तिला वाकुल्या दाखवत होती. घरीही सुटका नव्हती. "दम्याची पोर, पण काम कसं वाऱ्यासारखं!" सासूबाई भिंतीला सांगितल्यासारखं सांगायच्या. "नाहीतर आमची थोरली. भाजीत मीठ घालायचं तरी चमचा तीनदा बघते."

एकदा थोरलीने दवाखान्याच्या खिडकीतून चोरून पाहिलंही होतं. धाकटी गाडीत चढली, दार लागलं. सात मिनिटांत ती खाली उतरली. कपाळावर घाम नाही, केसाची बट हललेली नाही. बाईला हात आहेत की यंत्र, हे थोरलीला कळेना. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

आज दुपारी दोनला पाळी बदलताना धाकटी दवाखान्याच्या दारात भेटली. तिला जरा धाप लागली होती.

"जाऊबाई, उद्या निकाल. तुम्ही प्रमुख झालात तर सोमवारची सुट्टी द्याल ना मला?"

"आधी तू होशील. मग मीच अर्ज करीन तुझ्याकडे."

धाकटी हसली आणि घराकडे गेली. ते हसू थोरलीच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

चारच्या सुमाराला तिने एका म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात सोपवलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकापासून चाळीस मिनिटं तो ऑक्सिजनवर होता. सोपवल्याच्या कागदावर सही झाली आणि घड्याळ सुरू झालं.

एरवी ती आधी मागच्या कोठीत जायची. भरलेला सिलिंडर आणायचा, जोडायचा, काटा बघायचा. मग मास्क बदलायचा, घशातला स्राव ओढायचं यंत्र अर्धं मिनिट चालवून बघायचं, पट्ट्या, सुया, औषधांच्या तारखा. प्रत्येक वस्तूला हात लावायचा आणि मगच खूण. कोठीत जाऊन यायलाच सहा मिनिटं लागायची.

आज ती गाडीतल्या बाकावर बसली. यादी मांडीवर घेतली. पेन पहिल्या चौकोनावर टेकवलं आणि क्षणभर तसंच धरलं. मग एक, दोन, तीन. पुढच्या खुणा आपोआप होत गेल्या, उतारावरून गाडी सुटावी तशा. सत्तावीस. सही.

चालकमामा मागच्या दारातून डोकावले. हे रस्ते त्यांना तोंडपाठ होते आणि थोरलीच्या सवयीही.

"बाई, सिलिंडर आणू का कोठीतून?"

"नको मामा. राहू दे."

"पण काटा तर खाली..."

"एक दिवस राहू दे म्हटलं ना! पुढच्या फेरीनंतर बघू. बसा तुम्ही पुढे."

मामा पुढे जाऊन बसले. थोरलीने वायरलेस उचलला. "दोन नंबर सज्ज."

नियंत्रण कक्षातल्या मुलीला आधी खरंच वाटेना. "थोरल्या बाई, तुम्हीच ना? चार मिनिटं झालीत फक्त! आज काय पंख फुटले की काय?"

"फुटले म्हण," थोरली म्हणाली. किती महिन्यांनी तिचं अंग हलकं झालं होतं. उद्याचा फळा तिला दिसायला लागला. तिच्या नावापुढे चार. धाकटीच्या नावापुढे सात. सासूबाईंच्या तोंडाला कुलूप. आणि धाकटीचं हसू, ते तर तिला अगदी जवळून बघायचं होतं.

वायरलेस पुन्हा खरखरला. मुलीच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"दोन नंबर, लगेच निघा. पत्ता तुमच्या घरचाच आहे, बाई. धाकट्या बाईंचा दमा उसळलाय. श्वास अजिबात पुरत नाहीये."

मामांनी गाडी सुरू केली. थोरली वायरलेसमध्ये ओरडली. "अगं, मी इथं दवाखान्यात! घर दहा मिनिटांवर आहे. एक नंबर आमच्या घराजवळच्या चौकातच उभी असते ना? ती पाठव!"

"पाठवत होते. त्याच नको म्हणाल्या. एवढं बोलायला दोनदा थांबल्या, पण ऐकेनात."

"का पण?"

"म्हणाल्या, 'एक नंबरची यादी सकाळी मीच भरलीय, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. उशीर झाला तरी चालेल, जाऊबाईंची गाडी पाठव. त्यांच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतोच.'"