आमसुलाचं पाणी

“जोरात चोळ! शेजारी कोळंबी शिजली असणार. नुसत्या वासानंच पित्त उठलं माझं,” उघडेबंब दिगंबरराव खेकसले. पाठभर लाल गांधी उठल्या होत्या. आमसुलाचं पाणी चोळता चोळता कुमुदचा हात भरून आला. म्हशीसारख्या पसरलेल्या या पाठीपायी मालवणची असूनही तिनं अकरा वर्षं घरात कोळंबी आणली नव्हती.

या वेळी नवऱ्याचे ओठही सुजले, तेव्हा तिनं त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर भडकले. “पुन्हा बियर ढोसलीत? तुमच्या अंगाला ती सोसत नाही, हे दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं ना?”

“आणि कोळंबी?” कुमुदनं विचारलं.

“कोळंबीचा काय संबंध?”

दिगंबरराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

पुढच्या शनिवारी ते क्लबातून खाजवतच घरी आले. सदरा भिरकावून, तिच्याकडे पाठ करून बसले. “आमसुलं भिजवलीस का?”

“सगळी कालवणात घातली,” ताटातली कोळंबी सोलत कुमुद म्हणाली. “तुम्ही खाजवा.”

आणि तिनं आणखी भात वाढून घेतला.