बुंध्याजवळचा धुमारा

"एका कोंबाला नावं तरी किती लागतात, नेबाहत हानिम?" रुश्तू बेय चष्मा कपाळावर चढवत म्हणाले.

अंकाऱ्यातल्या त्या कचेरीत इंग्रजी-तुर्की शब्दकोशाचं काम अकरा वर्षं चाललं होतं आणि आता ते 'शूट' या शब्दापाशी येऊन अडलं होतं. गोळी झाडण्याचे अर्थ झाले, फोटो काढण्याचा झाला. उरला झाडाचा. रुश्तू बेयनी त्यासाठी तीन शब्द दिले होते: कोवळ्या कोंबाला फिलिझ, वर्षभरात वाढलेल्या लांब फुटव्याला सुर्गुन, मुळाशी फुटतं त्याला फिश्किन. मुख्य संपादक म्हणून त्यांना तेवढे पुरेसे वाटत होते. नेबाहतला वाटत नव्हते.

"कापलेल्या झाडाच्या बुंध्याला नवा धुमारा फुटतो, त्याला वेगळा शब्द आहे," ती म्हणाली. "मी लहानपणी ऐकलाय."

"कुठे?"

"एर्झिंजानला."

"मग एर्झिंजानला जा. तुम्ही जायचं म्हणताय त्या तोकातच्या खेड्यांत काय ठेवलंय?"

आपल्या लहानपणी झालेल्या भूकंपानंतर एर्झिंजानची माणसं दाही दिशांना पांगली, बरीच तोकातकडे गेली, असं तिने सांगितलं. शब्द कोणता, हे मात्र काही केल्या सांगेना. नियम रुश्तू बेयनीच घालून दिलेला होता: खेड्यात गेलं की शब्द आपण उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची आणि गप्प बसायचं. समोरच्याच्या तोंडून आपणहून आला तरच तो खरा. आपलाच नियम आपल्यावर उलटलेला पाहून म्हातारा हसला. पानं आठ दिवसांत छापखान्यात जाणार होती. त्याने आठ दिवस दिले आणि वर बजावलं, की नवव्या दिवशी ती आली नाही तर तिच्या शब्दाविना पान छापलं जाईल.

एप्रिल चालू होता आणि बुंध्याबुंध्याला धुमारे फुटले होते. नेबाहत बसने जायची, उतरून चालत सुटायची, दिवसाला दोन-दोन गावं करायची. पहिल्याच गावात सरपंच दुरमुश आगा तिच्या राशीला लागले. अंकाऱ्यात झाडं उगवायची बंद झाली का, असं त्यांनी विचारलं. तिने तुतीचा बुंधा दाखवला तेव्हा मात्र त्यांचे कान लाल झाले. त्यांच्या गावात त्या धुमाऱ्याला असलं नाव होतं की ते बाईमाणसासमोर घेता येत नव्हतं.

"ते मला माहीत आहे, आगा. हरामाचं पोर," नेबाहत म्हणाली. "अर्ध्या देशात तेच म्हणतात. मला दुसरं हवंय."

आगांनी तिला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे न्यायचं ठरवलं. जुने शब्द म्हाताऱ्यांकडेच असतात, हे सांगायला अंकाऱ्याची माणसं कशाला हवीत? पण नेबाहत त्या आजीकडे चहा पिऊन उठली आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या तिशीतल्या सुनांकडे गेली. आगांना हे कामच उफराटं वाटलं.

पाचव्या दिवशी तिच्या बुटाचा तळ निघाला. सुतळीने बांधून ती पुढे निघाली. फिलिझ ऐकून झालं, फिश्किन झालं, हरामाचं पोर तर वीस वेळा झालं. पिशवीतली कार्डं भरत होती. कुठलाही कोशकार खूश झाला असता. तिला मात्र प्रत्येक कार्डाबरोबर धडकी भरत होती, कारण एकेक गाव संपत होतं. सातव्या दिवशी तिने रुश्तू बेयना तार केली: पान थांबवा. उत्तर आलं: थांबणार नाही. तिने ते घडी घालून खिशात टाकलं आणि पुढच्या गावाची वाट विचारली.

आठव्या दिवशी दुपारी ती ओढ्यापलीकडच्या शेवटच्या गावात पोचली. पहिल्याच अंगणात एक बाई चुलीवरच्या पत्र्यावर पातळ पोळ्या भाजत होती. शेजारी तुतीचा बुंधा होता, बोटभर धुमाऱ्यांनी भरलेला. बाईने नाव-गाव न विचारता गरम पोळीत चीज गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि पायाकडे पाहून म्हणाली, "अगं ताई, या बुटांनी कुठून आलीस? बस आधी."

नेबाहत बसली. दोन घास खाऊन तिने बुंध्याकडे बोट दाखवलं. "याला काय म्हणता तुम्ही?"

"त्याला होय?" बाईने पोळी उलटली. "बिबिश."

नेबाहतने हातातली पोळी खाली ठेवली. हा शब्द कुणाकडून शिकलीस, असं तिने विचारलं.

"कुणास ठाऊक. मी पहिल्यापासून तेच म्हणते. सासू म्हणायची, असा शब्दच नाही, तुझ्या डोक्यातलं खूळ आहे. पण आता माझी पोरंही तेच म्हणतात, बघ."

नेबाहतने कार्ड काढलं. ते गुडघ्यावर दाबून धरलं. नाव विचारलं.

"शाझिये."

"वय?"

"तेहतीस असेल. नक्की कुणी सांगितलंच नाही."

"माहेर?"

"इथलंच." बाईने पीठ झटकलं. "म्हणजे ज्यांनी वाढवलं, ते इथले."

नेबाहतने कार्ड कोरंच पिशवीत ठेवलं. शाझियेने ते पाहिलं आणि ओशाळून विचारलं, "चुकीचा आहे का गं शब्द, ताई? कोशात नाही चालायचा?"

"कोशात नाही चालायचा," नेबाहत म्हणाली, आणि तिचे पिठाने भरलेले दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले. तो शब्द तुर्की नव्हता, कुठल्याच भाषेतला नव्हता. भूकंपाच्या आदल्या वसंतात, एर्झिंजानच्या अंगणात, आठ वर्षांच्या नेबाहतने आणि तिच्या चार वर्षांच्या बहिणीने तो बनवला होता, आणि जगात त्या दोघींशिवाय तो कुणालाही ठाऊक नव्हता.