आबांची टाच

“लकवा झाल्यापासून आबाचा पाय जमिनीले लागू दिला नाही मी,” असं माझा धाकटा भाऊ हितेंद्र अख्ख्या असोदा गावाला सांगत सुटलाय. बापाला पाठीवर घेतलेला फोटो त्याच्या स्टेटसला, आणि त्यावर कौतुकच कौतुक.

आखाजीच्या सणाला माहेरी आले, आबांचा डावा पाय पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. घोटा आखडून लाकडासारखा झाला होता. टाच जमिनीला टेकतच नव्हती.

“रोज उभं करायचं, टाच टेकवायची, असं दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनी तुले सांगितलं व्हतं ना?”

“त्याहिले दुखतं, ताई. मी हाये ना उचलायले!”

मी आबांना खुर्चीत बसवलं, पाऊल जमिनीवर सरळ ठेवलं आणि टाच टेकावी म्हणून दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला. पाय थडथड उडायला लागला. आबा कळवळले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर ओट्यावर बसलेल्या बाया धावून आल्या.

“लेक हाये का वैरीण?” शेजारच्या कुंदाकाकू माझ्यावर ओरडल्या.

“सोड त्याहिले!” हितेंद्रनं मला बाजूला ढकललं आणि तो आबांना उचलायला वाकला.

आबांनी चांगल्या हातानं त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली, की बाया दोन पावलं मागे सरकल्या.

मग त्यांनी माझा हात ओढून परत आपल्या गुडघ्यावर ठेवला.

“दाब,” आबा म्हणाले.