लिंबाचं अत्तर

नवऱ्यानं चांद्याहून लिंबाचं अत्तर आणलं होतं. तेंदूपत्ता तोडायला निघताना मी ते मनगटाला, मानेला चोळलं. मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर गार पाणी ओतल्यासारखं वाटलं. "कुठी भेटते व हे?" म्हणत वाटेत साऱ्याजणींनी माझा हात हुंगला, सासूनंही. धानोऱ्याच्या जंगलात पानं खुडताना ती सारखी थांबून हवा हुंगायची. वाघ झुडपावर मुतला की तिथं शिजल्या भाताचा वास येतो. तो ताजा असला की ती आम्हाला मागं फिरवायची. आज ती अडखळली. "मले तुह्या लिंबाशिवाय कायचाच वास येऊन नाई राह्यला," ती हळूच म्हणाली. "माती चोळ." मी मूठभर माती मनगटावर, मानेवर घासली. लिंबू विरलं. मग वाफाळत्या भाताचा वास आला, ताट पुढ्यात ठेवल्यासारखा. सासू वळली. वास आम्ही आलो त्याच वाटेवरून येत होता.