वडामांची राखण

आमच्या कुंभकोणमात उन्हाला तोटा नाही. मनाई फक्त मला. त्या सकाळी मैत्रिणीबरोबर दारासुरमपर्यंत जायचं म्हणून सायकल बाहेर काढली, तर आईनं कुलपाची किल्लीच काढून घेतली.

“उन्हात कुठे निघालीस? काळी पडशील. रविवारी मुलाकडची माणसं येताहेत तुला बघायला.”

मैदानावरचं बॅडमिंटन तर याच कारणानं आधीच बंद झालं होतं. मी दात-ओठ खात आत आले. अकराच्या सुमाराला तिनंच माझ्या हातात काठी दिली.

“गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घातलेत. कावळे टपलेत, राखत बस.”

“आता ऊन नाही का लागत?”

“घरच्या कामाला कसलं ऊन!”

“निदान छत्री तरी नेऊ?”

“नको. वडामांवर सावली पडेल.”

ते कुरडयांसारखे वडाम कडकडीत वाळेपर्यंत मी रोज त्या तापलेल्या गच्चीवर बसले.

रविवारी तेच वडाम तळून पाहुण्यांपुढे आले. मुलाच्या आईनं एक मोडून तोंडात टाकला.

“काय पांढरेशुभ्र झालेत! मुलगी तेवढी रंगानं कमी वाटते.”

मी उठले, न तळलेल्या वडामांचा अख्खा डबा आणला आणि त्यांच्यापुढे आदळला.

“आम्ही एकाच उन्हात होतो. तुम्हाला पांढरंच हवं असेल तर हे घेऊन जा.”

मग आईपुढे हात केला. “माझी किल्ली दे.”